सुट्या पैशांचा हिशेब आणि लोभी रीत



संगणकासाठी आज्ञावली लिहू शिकणाऱ्यांपुढे एक कोडे हमखास ठेवले जाते: ठरावीक रक्कम कमीत कमी नाण्यांत कशी द्यावी? गावचा वाणी हे कोडे दिवसभर सोडवीत असतो. बसेल तेवढे मोठे नाणे प्रथम उचलावे व उरलेल्या रकमेस पुन्हा तेच करावे, ही त्याची रीत. पुढचा विचार न करता समोरचा मोठा घास घेणारी, म्हणून तिला लोभी रीत म्हणतात.

जुन्या चलनात ही रीत कधीच चुकत नसे. अधेली आठ आण्यांची, पावली चार, चवली दोन आणि मग आणा. कोणतेही नाणे दोनदा आले की त्या जोडीऐवजी वरचे एक नाणे देता येई; म्हणजे कमीत कमी नाण्यांच्या मोडीत आणा, चवली व पावली प्रत्येकी एकदाच यावयाची. त्या तिन्हींची बेरीज सातच आणे. तेव्हा आठ आणे वा अधिक देणे असल्यास अधेलीवाचून गत्यंतर नाही.

१९५७ साली दशमान नाणी आली आणि १९६८ साली पंचवीस पैशांच्या जोडीला वीस पैशांचे नाणे आले. ही दोन्ही नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली, तरी उदाहरणास उत्तम आहेत. चाळीस पैसे द्यावयाचे झाल्यास लोभी रीत पंचवीस, दहा व पाच अशी तीन नाणी देते. वीस-वीसची दोन पुरतात! वाण्याचे यात काही बिघडत नाही. पण वहीत वीस-वीस लिहिणाऱ्या मुलाच्या उत्तरावर, ते रीतीप्रमाणे नाही म्हणून, लाल रेघ ओढली गेली तर ते मूल पुन्हा स्वतःच्या डोक्याने हिशेब करावयास धजणार नाही.

येथे खात्रीची वाट लांबची आहे. पाच, दहा, पंधरा असे चढत जाऊन प्रत्येक रकमेची किमान नाणी पाटीवर मांडावी. चाळिसांपाशी आल्यावर शेवटचे नाणे कोणते असेल, एवढेच विचारावे. ते पंचवीसचे असल्यास मागे पंधरा, म्हणजे दोन नाणी. विसाचे असल्यास मागे वीस, म्हणजे एकच. दहाचे वा पाचाचे धरल्यास मागे दोन-दोन. सर्वांत लहान संख्या घेऊन तीत एक मिळवावा. संगणकाकडूनही हेच करवून घेतात.

पुढे पन्नास पैशांच्या नाण्याची भर घालून नव्वद पैशांची मोड विचारावी. लोभी रीतीने चार नाणी लागतात. तिघांत भागते, ते मुलांनीच शोधावे.