मिशनचा पगार

माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपच्या शेजारात पगाराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचे फळ मिळून चुकले, असे ख्रिस्त म्हणतो. मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्ये त्या फळासाठी मजुरीचाच शब्द आहे! हिशेब चुकता, पुढे मागणे नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पुढे मिशनचे पगारी सेवक. पगारी उपदेशकाचा हेतू लोक पगारातच शोधतात. १९१७ साली त्यांनी तो पगार सोडला. पण त्यागाची वाहवा, हीही मजुरीच नव्हे काय? गळ्यात पडणाऱ्या हाराचा मोह आम्हां युनियनवाल्यांना चांगला ठाऊक आहे. टिळकांच्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही जागा होती. तेव्हा ख्रिस्ताचा कोण, हे नोंदवहीवरून ठरेना. ज्याला त्याला आपलेच मन चाळावे लागे.