जमेची बाजू

(१९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना फळ्यासमोर दहा सेकंदही मला उभं राहता येत नव्हतं, हे समोरच्या बऱ्याच जणांना आठवत असेल. मी पुढे असायचे ते एकाच गोष्टीत, संचयिकेत. दर सोमवारी वर्गातून चार आणे, आठ आणे, एखादा रुपया गोळा करायचा, प्रत्येकाच्या पासबुकात लिहायचा आणि मधल्या सुट्टीत वही गणिताच्या बाईंकडे न्यायची. ज्याच्याकडे ते काम होतं त्याला कावीळ झाली म्हणून आठ दिवसांपुरतं माझ्याकडे आलं, आणि मग त्याने परत मागितलंच नाही. तो आज इथे बसलाय. बाबा रे, तुझ्या काविळीने माझं आयुष्य बदललं.

दहावीला मला पंचावन्न टक्के पडले. अकरावीत नाव घातलं, पण वर्ष पुरं झालं नाही, आणि १९८८ ला लग्न झालं. त्यात रडण्यासारखं काही नाही, तेव्हा बहुतेक मुलींचं असंच होत होतं.

१९९६ साली आमच्या वाडीत बायकांचा बचत गट निघाला. गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्डने १९९२ पासून सुरू केला होता, तो आमच्यापर्यंत पोचायला चार वर्षं लागली. वीस बायका, महिन्याला वीस-वीस रुपये. सचिव कोणी व्हायचं? वही बघितल्यावर सगळ्याजणी मागे सरकल्या, आणि मी पुढे राहिले. पुढच्या बारा वर्षांत आजूबाजूच्या सात गटांच्या वह्या माझ्या घरात आल्या. रोजकीर्द, खतावणी, अंतर्गत कर्जाची नोंद, ठरावाची वही. बँकेत जाऊन साहेबांसमोर बसायचं, सह्यांचा नमुना बदलून घ्यायचा, एखादीने हप्ता चुकवला तर तिच्या घरी जाऊन तिचा अपमान न करता तो मागायचा, हेही त्यातच.

एक उदाहरण सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. एकदा एक फायनान्सवाला वाडीत आला. दहा हजार कर्ज, दहा हप्ते, व्याज शेकडा बारा. आमचा गट महिन्याला दोन टक्के घ्यायचा, म्हणजे वर्षाला चोवीस. बायका म्हणाल्या, ताई, हा तर निम्म्यात देतोय. मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येईना. रात्री चुलीजवळ पाटी घेऊन बसले. तो दहा हप्त्यांत मिळून अकरा हजार मागत होता, म्हणजे व्याज एक हजार. पण दर महिन्याला हजार रुपये मुद्दल परत जाणार, मग पूर्ण दहा हजार आपल्याकडे राहतात किती दिवस? फक्त पहिला महिना. मग नऊ, मग आठ. राहिलेल्या बाकीवर महिन्याला एक टक्का धरून बेरीज केली तर व्याज पाचशे पन्नास होतं. हा घेत होता हजार. म्हणजे त्याचे बारा टक्के खरे जवळजवळ बावीस निघाले. आमच्या चोवीसच्या अगदी शेजारी. आणि आमचं व्याज तरी गटातच राहत होतं. दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर खडूने मांडून दाखवलं. कोणी कर्ज घेतलं नाही.

आता पुढचा भाग. महाराष्ट्रात १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. बारावी नसलेल्यांसाठी त्यांचा पूर्वतयारी शिक्षणक्रम होता, तो पार केला की पदवीला बसता यायचं. मला हे वीस वर्षं ठाऊकच नव्हतं. २००८ ला पूर्वतयारी केली, २००९ ला बी.कॉम.ला नाव घातलं, तेव्हा माझी मुलगी दहावीत होती. रविवारी अभ्यासकेंद्रावर संमंत्रण असायचं. वर्गात एसटीचे कंडक्टर, दोन अंगणवाडी सेविका, एक गवंडी, एक होमगार्ड. त्या दाराचे उपकार मी विसरणार नाही. ते नसतं तर आज मी इथे स्वयंपाकाच्या बाजूला दिसले असते.

एका रविवारी संमंत्रक सरांनी फळ्यावर व्याजाचं गणित घातलं. सपाट दर आणि घटत्या बाकीवरचा दर. माझा हात आपोआप वर गेला. मी ते ओट्यावर मांडलं होतं तसंच मांडलं. सर बघतच राहिले. म्हणाले, "कुठे शिकलात हे?"

मी म्हणाले, "कुठे नाही हो सर, घरीच."

मित्रांनो, मला राग आला तो नंतर, एसटीत बसल्यावर, आणि माझाच. बारा वर्षं सात गटांचे हिशेब, आणि मी म्हणते "कुठे नाही". जगाने आपलं शिक्षण मोजलं नाही ही तक्रार आपण करतो, पण मीसुद्धा ते मोजलं नव्हतं.

मोजायचं म्हणजे कसं, याचा मी नंतर बराच शोध घेतला. फ्रान्समध्ये २००२ पासून कायदा आहे. माणूस आपल्या कामाचं सविस्तर टाचण तयार करतो, परीक्षकांच्या मंडळासमोर बसतो, ते खोदून खोदून विचारतात आणि पटलं तर पदवीचा भाग, कधी अख्खी पदवीच देतात. अमेरिकेत १९७४ पासून एक संस्था महाविद्यालयांना हे काम शिकवते आहे. त्यांचा एक नियम मला फार पटला: श्रेयांक अनुभवाला द्यायचे नाहीत, अनुभवातून जे शिकलात त्याला द्यायचे.

आपल्याकडेही आता शब्द आले आहेत. २०२१ मध्ये श्रेयांक साठवण्याची बँक निघाली, २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात वर्षाचा अभ्यास १२०० तासांचा धरला आहे आणि त्याचे ४० श्रेयांक, म्हणजे तीस तासांना एक. अनुभवातून शिकलेलंही मूल्यमापन करून त्यात धरता येईल असं त्यात लिहिलं आहे. आकडे दिसले की माझा हात थांबत नाही. आठवड्याला सहा तास वह्यांचे, वर्षाचे ३१२, बारा वर्षांचे ३७४४. भागिले तीस. १२४.८ श्रेयांक! तीन वर्षांच्या पदवीला १२० लागतात. म्हणजे पदवी घेऊन वर चार पूर्णांक आठ दशांश शिल्लक. घरात मी हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळे हसले.

पण हा हिशेब चुकीचा आहे, आणि हे मीच सांगायला हवं. त्या बारा वर्षांतली पहिली पाच मी शिकत होते. नंतरची सात बरीचशी तेच पान पुन्हा लिहिण्यात गेली. तास भरले, शिकणं भरलं नाही. शिवाय काही गोष्टी मी चुकीच्या पक्क्या करून ठेवल्या होत्या. आमच्या वहीत पैसा आला की डावीकडे "जमा". पुस्तकात पहिल्याच धड्यात रोख आली की रोकड खातं "नावे". मला वाटलं छापखान्याची चूक आहे. दोन महिने मी पुस्तकाशी भांडत होते. मग कळलं की दोन्ही बरोबर आहेत, देशी वहीची पद्धत वेगळी आणि पुस्तकातली वेगळी. माझी वही फक्त पैसा कुठून आला ते सांगते. दुहेरी नोंद दुसरी बाजूही मागते. घसारा हा शब्द तर मी ऐकलाच नव्हता. गटाची शिलाई मशिनं वर्षानुवर्षं खरेदीच्याच किमतीला वहीत बसली होती.

म्हणून मला कोणी विचारलं असतं तर मी पदवी मागितली नसती. पहिल्या वर्षातलं व्याजाचं गणित, हिशेबशास्त्राचा निम्मा भाग, आणि सभेचं कामकाज व पत्रव्यवहार, एवढं माझं जमेला धरा म्हटलं असतं. अर्थशास्त्र नको, ते मला खरंच येत नव्हतं. पण तेव्हा असं विचारण्याची सोयच कुठे नव्हती. दार उघडं होतं, आत गेल्यावर सगळ्यांनी शून्यापासून. त्या गवंड्याचंही तसंच. तो खोलीचं क्षेत्रफळ नजरेने सांगायचा, आणि क्षेत्रफळाच्या प्रश्नाला त्याला शून्य गुण, कारण रीत लिहिली नव्हती. तो दुसऱ्या वर्षी आला नाही.

२०१२ ला मी पदवीधर झाले. एका ठिकाणी लेखनिकाच्या जागेसाठी अर्ज दिला, त्यात बारावीच्या गुणांचा रकाना होता. मी रेघ ओढली. खिडकीवरच्या मुलाने पदवीचं प्रमाणपत्र पाहिलं, रेघ पाहिली, आणि अर्ज परत केला. तो वाईट मुलगा नव्हता, त्याच्यापुढे रकाना होता एवढंच. नवा आराखडा त्या खिडकीपर्यंत कधी पोचतो ते मी बघते आहे. इथे बसलेल्यांत दोन प्राचार्य आहेत, एक जण विद्यापीठात आहे. तुमच्या हातात रकाने आहेत, म्हणून तुम्हाला सांगते. कोणी कागदाशिवाय आलं तर "काय शिकलात?" असं विचारू नका, ती बाई "काही नाही" म्हणेल. "काय करता, आणि अडलं तर काय करता?" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐका, शिकलेलं तिथे सापडतं. आणि नसेल तर नसल्याचंही तिथेच कळतं.

शेवटचं. आपल्या वर्गातली एकजण आज आलेली नाही. नाव सांगत नाही, पण शेवटच्या बाकावर खिडकीशी कोण बसायची ते आठवा. मी तिला तीनदा फोन केला. म्हणाली, "तुम्ही सगळे काय काय झालात ते सांगणार, मी काय सांगू? मी डबे करते." पंचवीस वर्षं ती खानावळ चालवते, रोज साठ डबे. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे दोनशे पानी वही घेऊन गेले आणि म्हटलं, पोळ्या राहूदेत, हे लिही. साठ माणसांना कणीक किती, पावसाळ्यात भाज्या महागल्या की बेत कसा बदलतेस, डाळ वाया जाऊ नये म्हणून काय करतेस, मुलींना कामावर ठेवताना काय बघतेस. ती हसली, पण वही ठेवून घेतली.

काल रात्री तिचा फोन आला. सहा पानं झाली आहेत. विचारत होती, "कोणाकोणाची उधारी बुडाली आणि मग मी काय नियम केला, ते पण लिहू का?"

मी म्हटलं, ते आधी लिही.