जिगिंगसाठी ब्रेडेड लाईन : पौंड नंतर, आधी जाडी बघा

उदगीरहून बोलतोय. 'इथं समुद्र कुठाय, तुला जिगिंगचं काय कळतं?' असं मित्रच विचारतात. खरंय. आमच्याकडं तिरू धरण. तिथं गळ, तंगूस आणि गांडूळ एवढ्यावर भागतं. पण मालवणला बोटीवर पहिल्यांदा जिगिंगला गेलो, तेव्हा धरणावरचा हिशेब अंगाशी आला.

जिगिंग म्हणजे धातूचा चमकता मासा सरळ तळापर्यंत सोडायचा आणि रॉडला झटके देत वर आणायचा. मी दुकानातली सगळ्यात जाड ब्रेडेड लाईन नेली होती. जाड तेवढी दणकट, असं डोक्यात. 60 ग्रॅमचा जिग सोडला. शेजाऱ्याचा जिग तळाला टेकलासुद्धा. माझी लाईन मात्र प्रवाहात कमान करून लांब चाललेली. तळ लागला का नाही, तेच कळेना. दिवस गेला, बोटीचं भाडं गेलं, मासा शून्य.

कारण साधं आहे. लाईन जितकी जाड, तितकं वाहतं पाणी तिला ओढतं. ब्रेडेड लाईन म्हणजे पॉलिथिलीनचे बारीक धागे वेणीसारखे विणलेले. तेवढ्याच ताकदीचा तंगूस साधारण दुप्पट जाड लागतो. शिवाय तंगूस ताणला जातो, हातातला झटका वाटेतच जिरतो. ब्रेड जवळजवळ ताणत नाही. तळाशी मासा चाटून गेला तरी बोटाला कळतं.

मग घ्यायची कुठली? डब्यावर 'पीई' नंबर असतो, तो जाडीचा. पीई 1 म्हणजे सुमारे 0.165 मिलिमीटर, पीई 2 म्हणजे 0.235. पौंडाचा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून आधी जाडी बघा. 20 ते 40 ग्रॅमच्या जिगला पीई 1 च्या आसपास. 60 ते 100 ग्रॅमला पीई 1.5 ते 2, सोबत 4000 किंवा 5000 साईजचं स्पिनिंग रील. लाईन 200 ते 300 मीटर. आठ पदरी लाईन गुळगुळीत, गाईडमधून आवाज न करता सुटते. चार पदरी स्वस्त. पदर जाड असल्यानं घासणीला बरी टिकते. दर 10 मीटरला रंग बदलणारी मिळाली तर तीच घ्या. रंग मोजले की खोली कळते.

स्पिनिंग रीलवर भरताना तीन गोष्टी. आधी थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर ब्रेड स्पूलवर नुसतीच गरगर फिरते. ओल्या फडक्यात धरून घट्ट भरा आणि काठाखाली एक-दोन मिलिमीटर जागा सोडा. जिग तळाला टेकला की बेल हातानं बंद करा आणि ढील ओढून घ्या. ढिली लाईन गुंडाळली गेली, की पुढच्या वेळी गुंताच बाहेर येतो.

पुढं तीन-चार मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर जोडा, कारण खडकाला घासली की ब्रेड पटकन तुटते. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. 30 पौंडाची लाईन म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग साडेतीन ते साडेचार किलो. दुकानातला स्प्रिंग काटा अडकवून मोजता येतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच दिवशी माझा जिग खडकात अडकला. मी लाईन हाताला गुंडाळून ओढली. बोटात पार खोल गेली. व्रण अजून आहे. बारीक लाईनची हीच दुसरी बाजू : ती तुटायच्या आधी कातडी कापते. अडकली तर लाकडाच्या दांड्याला गुंडाळून ओढा, हातमोजे घाला. उरलेले तुकडे काठावर टाकू नका. ते कुजत नाहीत, बगळ्यांच्या पायात अडकतात. धरणावर असा, नाहीतर समुद्रावर, तुकडा खिशात घालून घरी आणा.

तर पुढच्या वेळी दुकानदार म्हणाला 'ही घे, लई दणकट हाय', तर एकच विचारा : पीई किती? भेटू पुढच्या भागात.