तात्पर्य नको, दाखला सांगा

१९३३ साली नागपुरात ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद लक्ष्मीबाई टिळकांनी भूषवलं होतं. त्यांच्यानंतर या खुर्चीत बसणाऱ्याने बेताने बोलावं, एवढं भान मला आहे.

अध्यक्षाने वर्षभरातल्या पुस्तकांचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. पुस्तकं निघाली, त्यातली काही चांगली आहेत. झाला आढावा. आता जे बोलायला मी कित्येक वर्षं थांबलोय, ते बोलतो.

आपण प्रभूचे दाखले, म्हणजे त्याने सांगितलेल्या गोष्टी, तात्पर्याखाली गाडून टाकलेत. उधळा पुत्र डुकरांमधून उठून घराची वाट धरतो न धरतो, तोच पाळक सांगून मोकळा होतो की बाप म्हणजे देव, धाकटा म्हणजे पापी आणि थोरला म्हणजे परूशी. मग ऐकणाऱ्याने करायचं काय? घड्याळ बघायचं. थोरला भाऊ शेवटी घरात गेला की बाहेरच राहिला, हे लूकने सांगितलेलंच नाही. आपल्या मंडळीत विचारून पाहा. बरेच जण ठामपणे म्हणतील, ‘गेला.’ लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट, आणि तिचा शेवट आपण आपल्या पदरचा लावलाय!

तयार उत्तरं हातात देण्याचं हे दुखणं जुनं आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, हे आपण प्रत्येक संमेलनात अभिमानाने सांगतो. ते सुरू कुठून होतं, ते मात्र सांगत नाही. रविवारची दुपार आहे, चर्चमध्ये मुलं प्रश्नोत्तरं घोकतायत, आणि गावातला एक जाणता माणूस पाद्रीगुरूंना म्हणतो, हे ठीक आहे, पण आमची जुनी पुराणं बंद झाली, त्यांच्या जागी आम्हाला काही तरी द्या. स्टीफन्सने स्वतः कोकणीत प्रश्नोत्तरांचं पुस्तक लिहिलेलं होतं; ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ला छापलं गेलं. अशा माणसाने ती मागणी मनावर घेतली आणि ओवीला हात घातला. पुढे अहमदनगरच्या मंडळींनी कीर्तन उभं केलं, नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले. आणि आपण? परत प्रश्नोत्तरांवर आलो. संडेस्कूलमध्ये सुवर्णवचन धडाधड म्हणणाऱ्या मुलाला बक्षीस मिळतं. मध्येच हात वर करून ‘असं का?’ विचारणाऱ्याला गप्प बसवलं जातं.

काल इथे बायबलचं जुनं भाषांतर की सोपं भाषांतर, यावर दोन सत्रं खर्ची पडली. आवाजही चढले. माझं मत विचाराल, तर पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यावर चला. सकाळी आठला तिथे झुंबड असते. अकराला उरतात ते कुणी न नेलेले. मी एकदा त्यांच्यात चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता द्राक्षबागेतल्या मजुरांचा दाखला सांगितला. मालक पहाटे माणसं नेतो, मग पुन्हा, पुन्हा, शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असतानाही नेतो, आणि शेवटच्यापासून सुरुवात करून सगळ्यांना सारखाच रोज देतो. एवढं सांगून मी गप्प बसलो.

लातूरकडची एक बाई होती, डोक्यावर रिकामं घमेलं पालथं घातलेलं. ती म्हणाली, “मालक सोता कशाला सारखा येत व्हता? मुकादम नव्हता का त्येच्याकडं?” मुकादम होता, पगार त्यानेच वाटला. कडेला पाय आखडलेला एक माणूस उकिडवा बसला होता. तो म्हणाला, “पाचपर्यंत उरलेला माणूस आळशी नसतो साहेब, त्याला कुणी नेत नाही.” एका पोरसवदा रंगाऱ्याला हे पटेना. “मग उद्या सकाळी कोण येईल? सगळे पाचलाच येतील की!” त्यावर ती बाई फिस्कारली, “पयल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं, तर कुणाला काय कळलं असतं? त्येला दावायचंच व्हतं!” वाद तापला होता. तेवढ्यात टेंपो आला, चौघांना घेऊन गेला. रंगारी गेला, बाई राहिली.

शेवटच्याला आधी पैसे का दिले? या प्रश्नावर तिच्याइतकं नेमकं उत्तर मी कुठल्या टीकाग्रंथात वाचलेलं नाही, आणि पुण्यात सेमिनऱ्यांच्या ग्रंथालयांना तोटा नाही. कुठलं भाषांतर वापरलं, हे तिने विचारलं नाही.

माझे विद्वान मित्र म्हणतात, असं मोकळं सोडलं तर लोक भलताच अर्थ काढतील. काढू देत! पेरणाऱ्याचा दाखला प्रभूने फोडून सांगितला तो शिष्यांना, एकांतात. गर्दीला त्याने नुसती गोष्ट दिली आणि घरी पाठवलं. गर्दीवर त्याचा विश्वास होता, आपला नाही.

दुसरं म्हणणं असं की आधी आपल्याला नीट कळू दे, मग दुसऱ्याला सांगू. पंडिता रमाबाईंचं बघा. इंग्लंडमध्ये फुलमला समाजाने टाकलेल्या बायकांना जवळ करणाऱ्या सिस्टर्स त्यांनी पाहिल्या, आणि त्यानंतर योहानातली शोमरोनी बाई त्यांना भेटली. बाप्तिस्मा १८८३चा. पण धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र पुढे सुमारे आठ वर्षांनी सापडला, असं त्या स्वतः लिहितात. तोवर त्यांनी काढलेलं शारदासदन पुण्यात आलेलं होतं, मुलींचा संसार सुरू झालेला होता. पूर्ण उमगेपर्यंत थांबल्या असत्या, तर त्या मुलींचं काय झालं असतं? आणि शेवटी त्याच बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, केडगावच्या त्यांच्या आश्रमातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले.

तेव्हा काम काय? दाखले घेऊन अड्ड्यांवर, ऊसतोडीच्या फडांवर, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या बैठकीत जायचं, सांगायचं, आणि लोक काय म्हणतात ते त्यांच्याच बोलीत टिपून घ्यायचं. त्याचं पुस्तक व्हावं. कुणी छापायचं, पैसा कुठून, हे कार्यकारिणी बघेल. मला त्यातलं काही कळत नाही. जेवणानंतर इच्छुकांनी मांडवाच्या डाव्या बाजूला जमावं. ज्यांना तात्पर्य सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्यांनीही यावं. लिहून घ्यायला माणसं लागतीलच.