एक पडदा, चार संगणक

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपल्याशी एका लहानशा डबीविषयी बोलणार आहे. तिला के.व्ही.एम. स्विच म्हणतात. ‘के’ म्हणजे कीबोर्ड, ‘व्ही’ म्हणजे व्हिडिओ आणि ‘एम’ म्हणजे माऊस. दोन, चार किंवा त्याहून अधिक संगणकांच्या केबली या डबीत येतात, आणि डबीतून एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड व एकच माऊस जोडला जातो. बटण दाबले की पहिल्या संगणकाऐवजी दुसरा पडद्यावर येतो. काही डब्यांत स्क्रोल लॉक ही कळ दोनदा दाबून संगणकाचा क्रमांक दाबला तरी चालते.

बाकीचे संगणक त्या वेळी बंद होत नाहीत. ते आपले काम चालूच ठेवतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. म्हणूनच जिथे कपाटात ओळीने सर्व्हर ठेवलेले असतात आणि देखरेख करणारा माणूस एकच असतो, तिथे ही डबी फार उपयोगी पडते.

आपल्यापैकी कोणी ती घेणार असेल, तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, संगणकाची व मॉनिटरची खाच कोणती आहे? १९८७ साली आलेली व्हीजीए, की नंतरची एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट? डबी त्याच जातीची हवी. दुसरी, प्रत्येक संगणकाला स्वतंत्र केबली लागतात. डबीबरोबर त्या मिळतात का, हे आधी विचारावे. तिसरी गोष्ट चित्राची. मॉनिटर आपली मोजमापे संगणकाला कळवत असतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. साध्या डबीत बटण फिरवताच हा संबंध तुटतो, आणि परत आल्यावर अक्षरे मोठी किंवा खिडक्या विस्कटलेल्या दिसू शकतात. चांगली डबी ही माहिती धरून ठेवते. आपल्या मॉनिटरलाच दोन खाचा असतील, तर कीबोर्ड-माऊसपुरता साधा यूएसबी स्विच पुरतो. चित्र मॉनिटरच्या बटणाने बदलता येते. मग जास्त खर्च कशाला? इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनने नापसंत केली आहे.

आता मूळ मुद्दा. समजा, एखाद्या शाळेला कोणी चार जुने संगणक दिले, पण मॉनिटर एकच दिला. “डबी आणा, चारही चालू होतील,” असे कोणीतरी म्हणेल. चालू होतील, यात शंका नाही. परंतु पडद्यासमोर बसेल एकच मूल! ही डबी एका माणसाला चार संगणक देते. चार मुलांना चार जागा देत नाही. वार्षिक अहवालात ‘चार संगणक’ असे छापून येईल, आणि तीन मुले मागे उभी राहतील.

शाळेला हवी असते ती याच्या उलट सोय. एकाच सशक्त संगणकाला अनेक मॉनिटर, कीबोर्ड व माऊस जोडून प्रत्येकाला स्वतंत्र काम देता येते. याला मल्टिसीट म्हणतात. लिनक्समध्ये ही सोय आहे, आणि ब्राझीलच्या सरकारी शाळांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ते जमत नसेल, तर डबीचे पैसे वाचवून जुने पण चांगले मॉनिटर घ्यावेत.

घरातही तेच. वडिलांच्या कामाचा संगणक आणि मुलांचा संगणक एका टेबलावर असेल, तर डबीमुळे जागा व पैसा दोन्ही वाचतात. पण पडदा एकच राहिला, म्हणजे वेळ वाटून घ्यावीच लागते. अशा वेळी आपल्या घरांत पहिली पाळी कोणाची जाते? बहुधा मुलीची. “भावाची परीक्षा आहे, तू नंतर बस,” असे आपण सहज म्हणतो, आणि ते ‘नंतर’ स्वयंपाकघरात विरून जाते.

म्हणून माझी विनंती आहे. डबी जरूर आणा. पण तिच्याशेजारी भिंतीवर एक कागद लावा. त्यावर घरातल्या प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे नाव व वेळ लिहा, आणि ती वेळ वडिलांनीही पाळावी. संगणक बदलायला एक बटण पुरते. पाळी मात्र आपल्यालाच द्यावी लागते.

अल्लाह आपल्या सर्व मुलामुलींना इल्मची दौलत देवो. खुदा हाफिज.