अप, ऑफ, आउट आणि आपण



आपल्याकडचा तरुण नोकरीच्या मुलाखतीत सांगतो, ‘आय पास्ड आउट इन ट्वेंटी फिफ्टीन.’ मुलाखत पुण्यात असेल तर समोरचा मान डोलावतो. लंडनमध्ये असेल तर त्याला क्षणभर वाटतं, हा गडी तेव्हा बेशुद्ध पडला होता की काय! ‘पास आउट’चा तिकडचा रोजचा अर्थ शुद्ध हरपणं. आपला अर्थही आभाळातून पडलेला नाही. खडकवासल्याच्या एनडीएत प्रशिक्षण पुरं झालं की पासिंग आउट परेड होते, आणि ब्रिटिश लष्करातही हा शब्द चालतो. आपण तो संचलनाच्या मैदानावरून उचलला आणि डीएडपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळ्यांना लावला. त्यात गैर काही नाही. पण ‘आउट’च्या जागी ‘अवे’ घातलं की प्रकरण गंभीर होतं. पास आउट झालेल्याच्या तोंडावर पाणी मारता येतं. पास अवे झालेल्याच्या दहाव्यालाच जायचं. क्रियापद एकच, पण माणूस राहिला की गेला, हे मागच्या चिमुकल्या शब्दानं ठरवलं.

क्रियापद आणि मागचा चिमुकला शब्द या जोडगोळीला इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं आणि लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात ते वापरलं. नाव अलीकडचं, दुखणं जुनं. डॉक्टर जॉन्सननी १७५५ साली आपला कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच बजावून ठेवलं होतं की परक्या माणसाला आमच्या भाषेत सगळ्यात जड जातं ते हेच.

आपल्याला ते जड का जातं, याचं कारण मला आपल्या अकलेत दिसत नाही. आपण इंग्रजीच्या घरात कुठल्या दारानं शिरलो, त्यात दिसतं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच आली, चर्चमध्ये आणि विद्येत लॅटिन होतीच. इंग्रजी उरली शेतात, चुलीपाशी, बाजारात. पुढे ती पुन्हा वर आली तेव्हा एकेका गोष्टीला दोन-दोन शब्द झाले होते. आग विझवायला पुस्तकी ‘एक्स्टिंग्विश’, घरगुती ‘पुट आउट’. सहन करायला ‘टॉलरेट’, आणि घरात ‘पुट अप विथ’. चौकशी करायची तर ‘इन्व्हेस्टिगेट’, नाहीतर साधं ‘लुक इनटू’. आपण इंग्रजी शिकलो ती क्रमिक पुस्तकातून, कोर्टकचेरीतून, अर्जांतून. म्हणजे दिवाणखान्याच्या दारानं. माजघरात आपल्याला कोणी नेलंच नाही. म्हणून आपला माणूस मीटिंग ‘पोस्टपोन’ करतो, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून त्याच घडणीवर ‘प्रीपोन’ही करतो. हा शब्द आजच्या अर्थानं भारतात रुजला, आणि मला तो आवडतो. पण इंग्रज माणूस त्या जागी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतो.

याचा खरा फटका कुठे बसतो ते सांगतो. परदेशात शिकून इंग्लंडमध्ये डॉक्टरी करायला येणाऱ्यांसाठी प्लॅब नावाची परीक्षा आहे. तिचा दुसरा भाग मँचेस्टरला होतो. तिथे रोग्याचं काम करायला नट बसवलेले असतात आणि डॉक्टरनं त्यांच्याशी बोलायचं असतं. आपला मुलगा इथून एमबीबीएस होऊन गेलेला. ‘व्हॉमिटिंग’, ‘सिंकोप’, ‘एक्झॅसरबेशन’ हे सगळं लॅटिन-ग्रीक त्याला मुखोद्गत. पण तिकडचा रोगी लॅटिनमध्ये आजारी पडत नाही. तो म्हणतो, ‘आय हॅव बीन थ्रोइंग अप ऑल नाइट.’ रात्रभर उलट्या होताहेत. ‘आय कान्ट कीप एनिथिंग डाउन.’ पोटात काही टिकत नाही. ‘माय नी फ्लेअर्ड अप अगेन.’ गुडघ्यानं पुन्हा उचल खाल्ली. ‘द स्वेलिंग हॅजन्ट गॉन डाउन.’ सूज उतरली नाही. यात एकही अवघड शब्द नाही. थ्रो, कीप, गो, अप, डाउन हे सगळे प्राथमिक शाळेतले. जोडी जमली की मात्र अर्थ कुठल्या कुठे जातो. म्हातारी बाई म्हणते, ‘माय लेग्ज गेव्ह वे’, आणि डॉक्टर मनात शोधत बसतो की पायांनी वाट कोणाला दिली. पाय लटपटून ती खाली बसली होती, एवढंच.

इंग्रजी हे आपल्याला छळायला करते असं वाटत असेल, तर जरा आपल्या घरात बघा. ‘तो बोलला’, ‘तो बोलून गेला’, ‘तो बोलून बसला’. बोलून गेला म्हणजे तोंडातून निसटलं. बोलून बसला म्हणजे आता निस्तरा. जाणे आणि बसणे यांचा पायांशी काही संबंध उरलेला नाही. ‘एकदाचं रडून घे’, ‘अर्ज देऊन टाक’, ‘जरा करून बघ’. मराठी शिकणाऱ्या एखाद्या जर्मन माणसाला विचारा, ‘देऊन टाक’मध्ये कोण काय टाकतं? तो रडकुंडीला येतो. ‘ईट इट अप’ म्हणजे आपलं ‘खाऊन टाक’. जे काम आपण मागच्या क्रियापदाकडून करून घेतो, ते इंग्रजी मागच्या अव्ययाकडून करून घेते.

म्हणून माझं सांगणं असं, की लक्ष क्रियापदावरून काढून त्या शेपटावर ठेवा. ‘अप’ म्हणजे वर, हा शाळेतला अर्थ. पण यूज अप, टेअर अप, ड्रिंक अप यांत वर काहीच जात नाही. काम पार शेवटाला जातं. वापरून संपवणं, फाडून टाकणं, पिऊन टाकणं. ‘ऑन’मध्ये चालू राहणं असतं: कॅरी ऑन, कीप ऑन. ‘ऑफ’मध्ये सुटणं, तुटणं: विमान टेक ऑफ करतं तेव्हा जमीन सुटते, कोट टेक ऑफ करता तेव्हा तो अंगावरून सुटतो. हे सगळीकडे लागू पडेल असं मात्र समजू नका. दिवा ‘वेंट ऑफ’ म्हणजे गेला, गजर ‘वेंट ऑफ’ म्हणजे वाजला, दूध ‘वेंट ऑफ’ म्हणजे नासलं. तिथे घोकण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि घोकायचं तरी किती? बाजारात हजारोंच्या याद्या मिळतात. त्या विकत घेऊ नका. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ साली ब्रिटिश इंग्रजीचा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह चाळला. त्यातल्या एकूण जोड्यांपैकी निम्म्याहून अधिक वापर फक्त २० क्रियापदं आणि ८ अव्ययं यांच्या मेळातून होतो, असं त्यांना आढळलं. गो, कम, टेक, गेट, पुट अशी ती साधी मंडळी. पुढे २०१५ साली गार्निए आणि श्मिट यांनी सर्वाधिक चालणाऱ्या १५० जोड्या निवडल्या आणि कोशात एकेकीचे पाच-सहा अर्थ असले तरी रोजच्या वापरात सरासरी दोनच असतात, असं दाखवलं. दीडशे म्हणजे पाढ्यांपेक्षा कमी.

अभ्यासकांना आणखी एक गंमत दिसली आहे. १९८५ साली इस्रायलमध्ये डागुट आणि लॉफर यांनी हिब्रूभाषक विद्यार्थ्यांवर काम केलं. ही मुलं जोडक्रियापदं चुकत नव्हती, टाळत होती. जिथे जमेल तिथे एकेरी शब्दानं काम भागवत होती. टाळणाऱ्याची चूक पेपरात कधीच सापडत नाही, म्हणून मास्तरांनाही ती दिसत नाही. आपल्या वर्गांत वेगळं काही चालतं असं मला वाटत नाही.

दोन गोष्टी कानाच्या. मोबाइल बंद करायचा तर ‘टर्न ऑफ द फोन’ म्हणा किंवा ‘टर्न द फोन ऑफ’ म्हणा, दोन्ही चालतं. पण फोनच्या जागी ‘इट’ आलं की त्याला मधेच बसवावं लागतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ ऐकलं की इंग्रजी कान दुखतो. उलट ‘लुक आफ्टर’ फुटतच नाही. ‘लुक आफ्टर हर’ असंच म्हणावं लागतं. दुसरी गोष्ट आघाताची. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना इंग्रज माणूस जोर ‘ऑफ’वर देतो, आपण ‘टर्न’वर देतो. म्हणून इंग्रजी सिनेमा बघताना आपण क्रियापदाला कान लावून बसतो आणि खरा अर्थ शेवटी येऊन निघून जातो. सिनेमाच्या खालच्या इंग्रजी ओळी झाकून एकच प्रसंग दोनदा ऐका. पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा फक्त अप, ऑफ, आउट टिपण्यासाठी. कागदावर वाक्य अख्खं उतरवा, सुटी जोडी उतरवू नका. ‘गिव्ह अप’ एवढंच लिहिलंत तर आठवड्यानं ते ‘गिव्ह इन’मध्ये मिसळेल. ‘सिगरेट गिव्ह अप केली’ आणि ‘पोराच्या हट्टापुढे गिव्ह इन केलं’ असं लिहिलंत, इंग्रजी-मराठीची खिचडी झाली तरी चालेल, तर नाही मिसळणार.