शीतपेयाची बाटली आणि घरखर्चाचा हिशेब



घरखर्चाच्या वहीत धान्य, शाळेचे शुल्क, औषधपाणी यांची नोंद होते. बसस्थानकावर घेतलेल्या शीतपेयाची सहसा होत नाही. रक्कम किरकोळ, म्हणून तो खर्चच वाटत नाही. परंतु रोज २० रुपयांची एक बाटली घेणाऱ्याचे वर्षाकाठी ७,३०० रुपये खर्ची पडतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते आटतेही.

हे २० रुपये केवळ गोड पाण्याचे नसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वायुमिश्रित शीतपेयांवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे. म्हणजे त्यातील सुमारे ५ रुपये ७१ पैसे कराचेच होत. उरलेल्या रकमेत बाटली, वाहतूक, जाहिरात व नफा येतो. छापील किमतीवर ‘गार करण्याचे’ म्हणून जादा पैसे मागणे तर कायद्याच्या विरुद्ध आहे.

मोठी बाटली स्वस्त, हा समजही तपासून घ्यावा. समजा, २५० मिलिलिटरला २० आणि २ लिटरला १०० रुपये पडतात. लिटरचा दर ८० वरून ५० रुपयांवर आला खरा; परंतु गरज एका पेल्याची असताना खिशातून ८० रुपये अधिक गेले. याला बचत म्हणता येणार नाही.

हौसेला मनाई नाही. मात्र ती ठरवून केलेली असावी, सवयीने घडलेली नसावी. शिक्षकांनी हेच गणित वर्गात घालावे आणि प्रत्येक कुटुंबाने निदान महिनाभर किरकोळ खर्च लिहून ठेवावा. वहीतील ती बेरीजच पुढचा निर्णय सुचवील.